साच्याला तेल पाजू नकोस गं

आधी तो तेलाचा डबा स्वयंपाकघरात परत नेऊन ठेव, मग बोलू. फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं, सोंड साच्यात राहिली असणार. गणपती हातात, सोंड आत. समोर पीओपीचे नवेकोरे साचे, शाडूचं पोतं फोडलेलं, गटातल्या बायका तुझ्या तोंडाकडे बघतायत आणि जो येतो तो नवीनच काहीतरी सांगतोय. हार्डवेअरवाला म्हणाला व्हॅसलीन चोपडा. दीर सेंटरिंगच्या कामाला जातो, तो म्हणाला जळकं ऑईल लावा वहिनी, आमच्या प्लेटा बघा कशा अलगद निघतात. सासूबाईंनी करडईचं तेल काढून दिलं. मोबाईलवर कुणी कसला तरी स्प्रे मारून दाखवला, तर तू तो मागवायलाच निघालीस.

खरं सांगू का? पीओपीच्या साच्यात ओली माती दाबायची असेल तर साच्याला काही म्हणजे काही लावायचं नसतं. एवढं एक डोक्यात पक्कं बसव, बाकीचं सगळं तुला जमणार आहे.

का लावायचं नाही, तेही समजून घे. म्हणजे उद्या आणखी कुणी शहाणपण सांगायला आलं तरी तू डगमगायची नाहीस. पीओपी म्हणजे मुळात जिप्सम, राजस्थानात खाणीतून निघतो तो दगड. दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि आपल्याला पोत्यातून मिळते ती पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी घातलं की ती ते पाणी परत घेते, गरम होते आणि पुन्हा जिप्समचा दगड बनते. पण आपण कालवताना तिला लागतं त्याहून पुष्कळ जास्त पाणी घालतो. ते जास्तीचं पाणी साचा वाळताना निघून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं राहतात. सगळी करामत त्या छिद्रांची आहे बघ. तू ओली माती दाबलीस की ती छिद्रं मातीतलं पाणी ओढायला लागतात. साच्याला टेकलेला मातीचा थर आधी सुकतो, थोडा आकसतो आणि आपणहून भिंत सोडतो. आठ इंचांची ओली मूर्ती पूर्ण वाळली की साधारण साडेसात इंचांवर येते, ते याच आकसण्यामुळे. तुला हवी असलेली सुटका साच्याच्या अंगातच आहे. तू तेल लावलंस म्हणजे त्याची ती छिद्रं बुजवलीस. मग पाणी जाणार कुठे? माती ओलीच राहते आणि चिकटून बसते.

दिराला काही बोलू नकोस हं. तो त्याच्या कामापुरतं बरोबरच सांगतोय. लोखंडी प्लेट पाणी शोषत नाही, काँक्रीट तिला धरून बसतं, म्हणून तिथे ऑईल लागतंच. तुझा साचा पाणी शोषतो. दोन्ही साचेच, पण स्वभाव अगदी उलटे.

सासूबाईंच्या तेलाचं मात्र जरा नीट ऐक. करडईचं तेल हवेत राहिलं की हळूहळू घट्ट होऊन त्याचा चिकट पापुद्रा तयार होतो. या गुणामुळेच ते रंगाच्या कामात वापरतात. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी चिकट पिवळी कड धरते ना, तीच तुझ्या साच्याच्या कानाकोपऱ्यात धरेल. सूर्यफूल आणि सोयाबीनही थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात. शेंगतेल इतकं लवकर घट्ट होत नाही, पण खवट होतं आणि मातीला डाग देतं. तो स्प्रे तर बिलकूल नको. त्यात बहुतेक सिलिकॉन असतं. ते मातीवर बसलं की वरून दिलेला रंग धरत नाही, जागोजागी फाकतो. गणपतीच्या कपाळावरच रंग फाकलेला तुला चालेल का?

आता हातातल्या साच्यांचं काय, ते बघू. साचा खडखडीत वाळलेला असेल तेव्हा त्याच्या आतल्या अंगावर ठिकठिकाणी बोटाने पाण्याचा एकेक थेंब सोड. थेंब पडताक्षणी आत गेला आणि नुसता काळपट ओला ठिपका दिसला, तर ती जागा चांगली आहे. थेंब मोत्यासारखा गोल बसून राहिला, तर तिथे तेल गेलं समज. सोंडेच्या खाचेत, कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत आवर्जून बघ, कारण तेल वाहून तिथेच साचतं. आत मुरलेलं तेल पूर्ण काढायचा खात्रीचा उपाय नाही. घासलंस तर नक्षी जाईल आणि तेल राहीलच. जो साचा सगळीकडे थेंब धरतो तो बाजूला ठेव, मूळ नमुना आहे तुझ्याकडे, नवा ओतता येतो. जिथे एखादाच डाग असेल तिथे भुकटी भुरभुरून काम भागव.

ही भुकटी म्हणजे शंखजिरे. भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरतेस ना, अगदी तसंच आणि तेवढंच. पातळ सुती फडक्यात शंखजिऱ्याची पुरचुंडी बांध, साच्यावर हलकेच आपट, मग साचा उलटा करून झटक. दिसेल इतकी राहिली तर जास्त झाली. जास्त भुकटी मातीत दाबली जाते, नाकाडोळ्यांची धार बोथट होते आणि सांधा नीट जुळत नाही. सांध्याच्या कडेला तर एक कणही नको. आणि हे करताना तोंडाला रुमाल बांधायचा, लेकरांना जवळ बसू द्यायचं नाही. ती धूळ छातीत गेलेली चांगली नाही. शंखजिरे नसेल तर चुलीतली राख वस्त्रगाळ करून घे. आपले कुंभार मडकं थापटताना माती थापटण्याला आणि आतल्या गोळ्याला चिकटू नये म्हणून राखच वापरत आलेत. पण शाडू पांढरट, तिच्यावर राखेचा करडा डाग दिसतो, म्हणून मी राख पणत्यांसाठी सांगेन आणि मूर्तीसाठी शंखजिरे. तेही अडलं तरच.

आता तू विचारशील, ताई, तेल फक्त डागांपुरतं होतं, मग स्वच्छ जागेवरही माती का चिकटली? चिकटली, कारण माती फार सैल होती. मळल्यावर गोळा हातात घे. हाताला चिखल लागला तर ती माती साच्याची नाही, अजून थोडा वेळ फरशीवर पसरून ठेव. बोट दाबल्यावर ठसा स्वच्छ उमटावा आणि बोट कोरडं निघावं, इतपत घट्ट हवी. दुसरं म्हणजे साचाच ओला असणार. सकाळपासून एकाच साच्यात ठसे काढत गेलं की तो पिऊन पिऊन भरतो, मग त्याची ओढ संपते. आणि घाई. पाच मिनिटांत उचकटायचं नसतं बघ. कडेला माती साच्यापासून केसाएवढी सुटलेली दिसली की समजायचं. जाडीप्रमाणे आणि हवेप्रमाणे त्याला पंधरा मिनिटं लागतील नाहीतर अर्धा तास. तेवढ्यात दुसऱ्या साच्यात भर.

सोंडेचं दुखणं मात्र वेगळं असू शकतं. सोंड जर आत वळून पोटावर टेकली असेल आणि तिच्या मागे साच्याची जीभ गेली असेल, तर जगातलं कुठलंही तेल, साबण, भुकटी तिला सोडवणार नाही. माती तिथे अडकलेली आहे, चिकटलेली नाही. साचा उजेडाकडे धरून सरळ वरून बघ. जो भाग वरून दिसत नाही, कुठल्या तरी कडेखाली लपतो, तोच अडकणार. अशा जागी एकतर साच्याचा आणखी एक तुकडा करावा लागतो, नाहीतर नमुन्यावरच ती खाच मातीने भरून घ्यायची आणि मूर्ती बाहेर आल्यावर कोरून काढायची. तुला मी दुसरी वाट सांगेन. सोंडेमागची फट कोरायला तुझ्याकडे खिळा आहे, हात आहे आणि नजरही आहे. चार तुकड्यांचा साचा सांभाळत बसण्यापेक्षा ते सोपं पडेल.

हे सगळं झालं माती आणि पीओपीचं. पीओपीवर पीओपी ओतायची वेळ येईल, तेव्हा मात्र मधे काहीतरी लावावंच लागेल. दोन भागांच्या साच्याचा पहिला भाग तयार झाला आणि त्याच्यावर दुसरा ओतायचा, किंवा साच्यावरून साचा काढायचा, तेव्हा नवं पीओपी जुन्याच्या छिद्रांत शिरून एकजीव होतं. मग छिन्नीनेही वेगळं होत नाही. इथे हवा साबण. खरा साबण बरं का, तेल आणि कॉस्टिकपासून केलेली कपड्याची वडी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड नको.

का ते तुला किल्लारीत राहून सहज कळेल. आपल्या बोअरच्या पाण्यात साबण घासून घासून फेस येत नाही आणि बादलीला पांढरट चिकट कड धरते. ती कड म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियमने साबणाला धरून केलेला, पाण्यात न विरघळणारा थर. धुण्याला तो ताप, पण साच्याला तोच उपयोगाचा. पीओपीत कॅल्शियम भरपूर. साबण लावला की तसाच थर त्याच्या पृष्ठभागावर तयार होतो, छिद्रं बंद होतात आणि नवं पीओपी आत शिरू शकत नाही. पावडरीचा डिटर्जंट जड पाण्यातही फेस देतो ना, म्हणजेच तो कॅल्शियमबरोबर असा थर करत नाही. म्हणून तो इथे कामाचा नाही. आणि याच कारणासाठी साबण बोअरच्या पाण्यात विरघळवायचा नाही, नाहीतर अर्धा साबण पाण्यातच खर्ची पडेल. पावसाचं धरलेलं पाणी घे, नाहीतर फिल्टरच्या जारचं.

वडी किसून गरम पाण्यात रात्रभर भिजत घाल, सकाळी मधाइतकं दाट आणि गुळगुळीत झालं पाहिजे. ज्या भागावर ओतायचं तो आधी पाण्याने ओलसर करून घे, कारण कोरडा ठणठणीत भाग साबण खोलवर ओढतो आणि वर काहीच राहत नाही. मऊ ब्रशने साबण लाव, फेस कोपऱ्यांत फिरव, मिनिटभर थांब, मग पिळलेल्या स्पंजने सगळा पुसून घे. पुन्हा लाव, पुन्हा पूस. असं तीनचार वेळा. पृष्ठभागाला हलकी झळाळी आली आणि आता पाण्याचा थेंब आत न जाता घरंगळायला लागला की झालं. तीच थेंबाची परीक्षा बघ, फक्त इथे थेंब बसून राहायला हवा. शेवटच्या पुसण्यात कंटाळा करू नकोस. खाचेत फेस राहिला तर नव्या साच्याला तिथे बुडबुड्यांचे खड्डे पडतात आणि मग प्रत्येक गणपतीच्या गालावर फोड येतो. नळाखाली धरून खळखळून धुवायची गरज नाही, एक तांब्या पाण्यात स्पंजने सगळं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे आपल्याकडे हे सांगावंसं वाटतंच.

अशा नव्या साच्याच्या आतल्या अंगावर थोडा साबण येतो. म्हणून पहिले एकदोन ठसे जुन्या, टाकाऊ मातीचे काढ. ती माती साबण टिपून घेते. त्या ठशांचा आकार कसाही आला तरी मनाला लावून घेऊ नकोस, ती साच्याची सफाई आहे.

व्हॅसलीन वाईट नाही, हार्डवेअरवाल्यावरही रागावू नकोस. लाकूड, काच, पितळ यांच्यावर पीओपी ओतायचं असेल तर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात चालतो. कोरड्या ब्रशने फिरवून बोटांच्या रेघा मोडून घ्यायच्या, कारण त्या रेघा जशाच्या तशा साच्यात उतरतात. लाकडी मूर्तीला आधी चपड्याचे दोन हात द्यावे लागतात, म्हणजे लाखेचं स्पिरिटमधलं पॉलिश, सुताराकडे मिळतं. ते लावताना जवळ गॅस नको, देवापुढची समईही नको. आणि नमुना मऊ ओल्या मातीचा असेल तर त्याला काहीच लावू नकोस, माती ओली असते तोवर पीओपी तिला धरत नाही. एक मात्र बजावून सांगते. बाजारातून दुसऱ्या मूर्तिकाराची मूर्ती आणून तिच्यावरून साचा काढू नकोस. त्याची मेहनत आहे ती. विचार, परवानगी मिळाली तर काढ, नाहीतर स्वतःचा नमुना घडव. तुझा पहिला नमुना साधाच होईल, होऊ दे.

रबरी साच्यांबद्दलही तू विचारलं होतंस. पेणला, हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत पीओपीच्या मूर्ती रबरी साच्यांतून काढतात. रबर वाकतं, त्यामुळे आत वळलेल्या सोंडासुद्धा सुटतात. पण रबर पाणी शोषत नाही, मातीची मूर्ती त्यात लवकर सुकत नाही. तिथे शंखजिरे लागतंच. आणि रबराला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, ते फुगतं आणि खराब होतं. तुझ्या आत्ताच्या कामाला पीओपीचा साचाच बरा.

तुला एक जागा दाखवायची आहे. तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, आपल्याच तेरणेच्या काठावरचं, वरच्या अंगाला. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण सगळे जातोच, पण पुढच्या वेळी तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात निवांत थांब. सातवाहन काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत, काही पांढऱ्या चिनी मातीच्या. केसांची वळणं, कानातले दागिने, गळ्यातल्या माळा बघत राहाव्यात इतक्या नाजूक. आणि त्या साच्यातल्या आहेत गं. पुढचा एक साचा, मागचा एक, दोन्हींत माती दाबून मधे सांधलेल्या, आतून पोकळ. मूर्तीच्या कडेला नजर लावलीस तर सांधा कुठून गेला असेल ते तुला लगेच कळेल, कारण तू तोच सांधा रोज बुजवतेस. भाजलेल्या मातीचा साचाही पाणी पितो, पीओपी नसतानाही ही विद्या चालत आली ती त्याच्यावरच. आपल्याकडे असलं काही होत नाही, ते पेणला होतं, असं गटातली कुणी म्हणाली तर तिला तेरला घेऊन जा.

गोरोबाकाकांची ती गोष्ट तुला माहीत आहेच, संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते त्यांनी पाहिलं. साच्याचंही तसंच तपास. वाळला की नाही हे नुसतं बघून कळत नाही, बोटाच्या पेराने टिचकी मार. ओला साचा ठप्प वाजतो, वाळलेला खणखणीत. गालाला लावून बघ, गार लागला तर आत अजून पाणी आहे.

वाळवायचा कुठे, तर सावलीत, वाऱ्यावर, दोन विटांवर उभा, म्हणजे सगळीकडून हवा लागेल. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर ठेवलास तर कामातून जाईल. पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या वर फार वेळ राहिला की पीओपी अंगातलं पाणी सोडायला लागतं, मग साचा भुसभुशीत होऊन बोटाला पीठ लागतं. चुलीशेजारीही नको. खरी पंचाईत पावसाळ्यात आहे. गणपतीचं काम आषाढ-श्रावणात जोरात आणि नेमकं तेव्हाच साचे वाळत नाहीत. म्हणून उन्हाळ्यातच मूर्ती काढून ठेवायला लाग, शाडूची कोरडी मूर्ती कापडात गुंडाळून छान टिकते. आणि एकाच आकाराचे दोन साचे ठेव, आज हा, उद्या तो. माझं ऐकशील तर दहा नमुन्यांचे दहा साचे करण्यापेक्षा तीन नमुन्यांचे दोनदोन कर.

साचा मळला तर मऊ कोरड्या ब्रशने झटकायचा, फार तर ओल्या स्पंजने टिपायचा. धुवायचा नाही. लिटरभर पाण्यात जिप्सम साधारण दोन ग्रॅम विरघळतं. दिसायला थोडं, पण धूतधूत गेलीस तर दोन हंगामांत मूषकाचे डोळे नाहीसे होतील. आणि माती काढायला लोखंडी चाकू आत घालायचा नाही. अडकलेला मातीचा तुकडा मातीच्याच गोळ्याने टिपून घे. पणत्यांच्या मातीत पीओपीचा कपचा जाऊ देऊ नकोस. भाजल्यावर तो तुकडा हवेतली ओल पिऊन फुगतो आणि पणतीचा टवका उडतो, कधीकधी विकल्यानंतर. पीओपीची पाटी वेगळी, मातीची वेगळी, फडकी वेगळी. यात मी अजिबात ऐकून घेणार नाही.

कालवायचं कसं ते एकदा सांगून टाकते. एक किलो पीओपीला ७०० मिली पाणी. बादलीत आधी पाणी, मग भुकटी चाळून वर भुरभुरत जायची. दोन मिनिटं भिजू दे, मग तळापासून हळू ढवळ, साईसारखं दाट होऊ लागलं की ओत. हात घालून ढवळलंस तरी घट्ट व्हायच्या आत काढ, आणि घट्ट होत असलेल्या पीओपीत बोट, पाय, लेकराचा तळहात काहीही ठेवायचं नाही. हौस म्हणून बाळाच्या हाताचा ठसा काढायचं चाललंय तुझ्या मनात, म्हणून मुद्दाम सांगते. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत एका मुलीने स्वतःच्या हातांचा साचा काढायला पीओपीच्या बादलीत हात घातले. ते गरम होत घट्ट झालं, हात निघेनात, आणि तिला बहुतेक सगळी बोटं गमवावी लागली. बाळाचा ठसा ओल्या मातीत घे आणि त्या ठशात पीओपी ओत. तोच गोड पंजा मिळेल.

पीओपीवर बंदी आहे, मग आपण हे वापरून पाप तर करत नाही ना, हेही तू दबक्या आवाजात विचारलंस. नाही गं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नको म्हटलं आहे ते पीओपीच्या मूर्तीला, कारण ती नदीतळ्यात जाते. तुझा साचा घरातच राहतो, पाण्यात जाते ती माती. साचा झिजून निकामी झाला की तोही वाया जात नाही. शेतकरी चोपण जमिनीत जिप्समची पोती टाकतात ना, जुना साचा कुटला की तो तेच आहे. फक्त तेल, चपडा किंवा रंग लागलेला नको. मोरीत मात्र उरलेलं पीओपी कधी ओतायचं नाही. ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि पाईप फोडावा लागतो. बादलीतच घट्ट होऊ दे, मग उपडी करून काढ.

आता सासूबाई. मूर्ती घरात घडवायचं म्हटल्यावर त्या गप्प होतात, म्हणालीस. त्यांना टोचू नकोस. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव दमून झोपलं होतं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने दगडमातीच्या भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. त्यांच्या पिढीला गणपती आणि ती पहाट वेगळी करता येत नाही. त्यांनी तेल काढून दिलं, म्हणजे त्या तुझ्या कामात आल्या आहेत, हे माझ्या लेखी फार मोठं आहे. तेल नको म्हणताना आधी त्यांना जवळ बसव, वाळलेल्या साच्यावर थेंब टाकायला त्यांच्याच हातात वाटी दे. थेंब आत गेलेला त्यांनी स्वतः पाहिला की वाद उरणार नाही. माती मळायला सांग, त्यांच्या हाताला जितकी माती कळते तितकी तुला मला कळत नाही.

आणि हो, साचे माळ्यावर किंवा डोक्यावरच्या फळीवर रचू नकोस. भरलेला साचा किती जड होतो ते तू उचललं आहेस. सगळे जमिनीलगत, भिंतीला टेकवून, लेकरं निजतात त्या खोलीत एकही नाही.

लातूरला जाशील तेव्हा गंजगोलाईत शंखजिरे आणि साबणाची वडी घे, मऊ ब्रश आणि दोन स्पंज घे. पीओपीचं पोतं नवं, कोरडं, गाठी नसलेलं बघून घे. ओल लागलेलं जुनं पोतं स्वस्तात देत असतील तरी नको, त्याचा साचा कच्चा राहतो. व्हॅसलीन घरात असेलच. याहून जास्त काही विकत घेऊ नकोस, आणि तो स्प्रे मागवला असशील तर आत्ताच्या आत्ता रद्द कर.